वजनाचा काटा अडतो तेव्हा

सकाळी उठल्याबरोबर अनवाणी पायांनी वजनकाट्यावर उभे राहावे, खाली वाकून आकडा वाचावा आणि तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर टिपून ठेवावा, असा नेम अनेक घरांत आढळतो. लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया करून घेतलेल्या माणसाच्या घरी तर तो बहुधा असतोच. पहिले काही महिने हा नेम मोठ्या सुखाचा असतो. आकडा उतरत जातो, जुने कपडे सैल होतात, जिना चढताना दम लागेनासा होतो, भेटणारा प्रत्येक जण काही तरी चांगले बोलतो. मग एके दिवशी आकडा थांबतो. दुसऱ्या दिवशी तोच, आठवड्याने तोच, महिन्यानेही तोच.

समजा, एका शाळेतील एक बाई आहेत. वय पंचेचाळीस, उंची पाच फूट एक इंच, वजन ११२ किलो. दहा वर्षांचा मधुमेह आणि दुखणारे गुडघे यांना कंटाळून त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली. दहा महिन्यांत वजन ८४ किलोवर आले आणि तेथेच अडले. पाच आठवडे काटा हलला नाही. घरात कोणी उघड बोलत नाही. परंतु ‘एवढे करूनही?’ हा प्रश्न जेवणाच्या ताटाभोवती घुटमळू लागतो. बाईंनी रात्रीचे जेवण सोडले. त्यानेही फरक पडेना, तेव्हा रुग्णालयात तपासणीसाठी जाण्याची ठरलेली तारीख त्यांनी चुकवली. डॉक्टरांना काय तोंड दाखवायचे, असे त्यांना वाटले.

या बाई काल्पनिक आहेत. परंतु त्यांची अवस्था काल्पनिक नाही. अशी शस्त्रक्रिया झालेल्या जवळजवळ प्रत्येक माणसाच्या वाट्याला ती कधी ना कधी येते. डॉक्टर तिला ‘प्लॅटो’ म्हणतात. मराठीत तिला पठार म्हणता येईल. घाटाची उतरण संपून सपाटी लागावी, तसा वजनाचा आलेख येथे सपाट होतो. हे पठार का येते, त्यात भिण्यासारखे किती आणि करण्यासारखे किती, हे समजले तर बाईंसारख्या अनेकांचे उपासही टळतील आणि चुकवलेल्या तारखाही.

प्रथम ही शस्त्रक्रिया म्हणजे काय, ते पाहू. वजन कमी करण्यासाठी पोटावर शस्त्र चालवण्याचा विचार सात दशकांहून जुना आहे. १९५४ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील क्रेमेन आणि लिनर या शल्यविशारदांनी लहान आतड्याचा बराचसा भाग वळसा घालून टाळण्याच्या शस्त्रक्रियेची माहिती प्रसिद्ध केली. तिने वजन उतरे. परंतु पुढे यकृताचे विकार, मूतखडे आणि पोषणाची हानी असे उपद्रव दिसू लागल्याने ती मागे पडली. १९६६ साली आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी वेगळी वाट धरली. व्रणामुळे जठराचा काही भाग काढून टाकावा लागलेल्या स्त्रिया पुढे सहसा लठ्ठ होत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आले होते. त्या निरीक्षणातून जठराची एक चिमुकली पिशवी करून ती सरळ लहान आतड्याला जोडण्याची ‘गॅस्ट्रिक बायपास’ ही शस्त्रक्रिया जन्मली. आज जगात सर्वाधिक होणारी शस्त्रक्रिया मात्र ‘स्लीव्ह’ नावाची आहे. तीत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश ते चार-पंचमांश भाग काढून टाकून बाहीसारखी एक अरुंद नळी तेवढी शिल्लक ठेवतात.

पोट लहान झाले, म्हणून माणूस कमी खातो आणि म्हणून वजन उतरते, अशी सामान्य समजूत आहे. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. जठर व आतडी ही अन्नाची कोठारे तर आहेतच, शिवाय ती मेंदूला निरोपही धाडत असतात. १९९९ साली कोजिमा आणि कांगावा या जपानी शास्त्रज्ञांनी ‘घ्रेलिन’ हे संप्रेरक शोधून काढले. ते मुख्यत्वे जठराच्या वरच्या घुमटासारख्या भागात तयार होते आणि मेंदूकडे भुकेची वर्दी पोहोचवते. स्लीव्ह शस्त्रक्रियेत नेमका हाच भाग काढला जातो. दुसरीकडे, अन्न आतड्यात लवकर पोहोचू लागल्यामुळे तृप्तीचा निरोप देणारी संप्रेरके अधिक प्रमाणात स्रवू लागतात. त्यामुळे पहिल्या महिन्यांत भूक खरोखरच मंदावते. कित्येकांना तर जेवणाची आठवण करून द्यावी लागते. बाईंचे पहिले अठ्ठावीस किलो उतरले ते केवळ त्यांच्या निग्रहामुळे नव्हते. हे आधी समजून घेतले, म्हणजे पुढे काटा थांबल्यावर तो निग्रहाच्या अभावामुळे थांबला, असे मानण्याची घाई होणार नाही.

काटा थांबण्याचे प्रकार दोन आहेत आणि त्यांची कारणे निरनिराळी आहेत. पहिला थांबा फार लवकर, बहुधा शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन आठवड्यांनी येतो. रुग्ण द्रव आहारावर असतो, दिवसाला जेमतेम काहीशे उष्मांक पोटात जातात, आणि तरीही वजन आठ-दहा दिवस हलत नाही. हे पाहून माणूस हबकतो. परंतु याचा उलगडा सोपा आहे. शरीर आपल्या यकृतात व स्नायूंत साखरेचा एक साठा ‘ग्लायकोजेन’च्या रूपाने बाळगून असते. हा साठा सुमारे चारशे-पाचशे ग्रॅमचा असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. अन्न तुटले, की शरीर प्रथम हा साठा मोडते आणि त्याबरोबर ते पाणीही बाहेर पडते. पहिल्या आठवड्यातील नेत्रदीपक घटीत दीड-दोन किलोंचा वाटा या साखर-पाण्याचाच असतो. पुढे आहार थोडा वाढला, की शरीर हा साठा अंशतः पुन्हा भरते व पाणी धरून ठेवते. आत चरबी वितळत असते, पण तितकेच पाणी जमा होत असल्यामुळे काट्याला काहीच कळत नाही. या थांब्यावर औषध एकच : धीर. सांगितलेला आहार, पुरेसे पाणी आणि हलके चालणे एवढे सांभाळले, की काटा आपण होऊन पुन्हा उतरू लागतो. या काळात कंबरेभोवती फीत लावून माप घेतले, तर वजन स्थिर असूनही घेर कमी झालेला पुष्कळदा दिसतो.

दुसरा थांबा उशिरा, साधारणतः नऊ महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत केव्हाही येतो. बाईंचा थांबा या प्रकारचा आहे. त्याचे मूळ शरीराच्या जमाखर्चात आहे. माणूस झोपलेला असतानाही हृदय, फुप्फुसे, मेंदू, यकृत यांचे काम चालू असते आणि त्यासाठी ऊर्जा खर्च होते. देह जितका मोठा तितका हा खर्च अधिक. ११२ किलोंचा देह जिन्यावरून वर नेण्यास जी शक्ती लागते, ती ८४ किलोंच्या देहास लागत नाही. अमेरिकेतील केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली गणिताच्या आधारे एक ढोबळ नियम मांडला : दीर्घ काळात वजनातील प्रत्येक किलोच्या फरकामागे रोजच्या ऊर्जेत सुमारे २४ उष्मांकांचा फरक असतो. या हिशेबाने अठ्ठावीस किलो घटलेल्या बाईंची रोजची गरज सुमारे ६७० उष्मांकांनी कमी झाली. शस्त्रक्रियेपूर्वी वजन आहे तेवढेच राखण्यास त्यांना बावीसशे उष्मांक लागत असतील, तर आता दीड हजारांच्या आसपास पुरतात. आणि दहाव्या महिन्यात, पोट सरावल्यावर, त्या तेवढे खाऊ लागलेल्या असतात. जमा आणि खर्च यांची तोंडमिळवणी झाली, की काटा थांबतो. यात गूढ काहीच नाही.

परंतु हिशेब येथेच संपत नाही. वजन घटू लागले, की शरीर खर्चात आणखी काटकसर करते, ही गोष्ट एका विलक्षण प्रयोगातून प्रथम ठसठशीतपणे पुढे आली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ साली, मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी छत्तीस निरोगी तरुणांना स्वेच्छेने अर्धपोटी ठेवले. युद्धात शस्त्र धरण्यास विवेकबुद्धीने नकार दिलेले हे तरुण होते; युद्धाने उपाशी पडलेल्या युरोपातील लोकांना पुन्हा कसे पोसावे, हे कळण्यासाठी त्यांनी हे कष्ट पत्करले. चोवीस आठवड्यांत त्यांचे वजन सुमारे एक-चतुर्थांशाने घटले; परंतु विश्रांतीच्या अवस्थेतील ऊर्जाखर्च मात्र सुमारे चाळीस टक्क्यांनी उतरला. नाडी मंदावली, अंगाला थंडी वाजू लागली, हालचाल कमी झाली. मन रात्रंदिवस अन्नाभोवती फिरू लागले. त्यांतील काही जण तर पाककृतींची पुस्तके जमवू लागले. आणि प्रयोगाच्या अखेरीस, अर्धपोटी असूनही, वजनाची उतरण सपाट होत आली. शरीराने तुटपुंज्या शिध्यात संसार चालवण्याची सवय करून घेतली होती.

पुढे १९९५ साली न्यूयॉर्क येथील रॉकफेलर विद्यापीठातील लायबेल, रोझेनबाउम व हिर्श यांनी दाखवून दिले, की दहा टक्के वजन उतरवून ते तेथेच राखणाऱ्या माणसाचा ऊर्जाखर्च, देह लहान झाल्यामुळे जेवढा कमी व्हावा, त्याहूनही अधिक कमी होतो. २०१६ साली हॉल यांनी दूरचित्रवाणीवरील वजन घटवण्याच्या एका स्पर्धेतील चौदा स्पर्धकांची सहा वर्षांनंतर पुन्हा तपासणी केली. बहुतेकांचे वजन बऱ्याच अंशी परत आले होते; आणि तरीही त्यांचा विश्रांतीचा ऊर्जाखर्च अपेक्षेपेक्षा रोज सुमारे पाचशे उष्मांकांनी कमीच होता. १९९४ साली जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत सापडलेल्या ‘लेप्टिन’ या संप्रेरकाने या वागणुकीचा एक धागा हाती दिला. लेप्टिन चरबीतून स्रवते आणि गाठीला किती साठा आहे, हे मेंदूला कळवते. साठा घटला, की लेप्टिन घटते आणि मेंदू दुष्काळ पडल्याप्रमाणे वागू लागतो : भूक वाढवतो, खर्च आवरतो. हजारो वर्षे दुष्काळांतून तगून निघालेल्या मानवजातीला ही सावधगिरी उपकारक ठरली. आजच्या बाईंना ती जाचक वाटते, एवढेच.

आता बाईंनी रात्रीचे जेवण सोडले, त्याचे काय झाले असेल, हे सांगता येते. शरीराने काटकसर आणखी वाढवली असेल. आणि त्याहून वाईट म्हणजे, आधीच थोडी असलेली प्रथिने आणखी कमी झाल्यामुळे स्नायूंची झीज झाली असेल. घटलेल्या वजनात सारी चरबीच नसते; त्यात स्नायूंचाही भाग असतो. स्नायू हे विश्रांतीतही ऊर्जा खर्च करणारे अवयव. ते घटले, की खर्चाची बाजू अधिकच आखडते. म्हणून पठारावर उपास हा उपाय नव्हे.

मग उपाय कोणता? पहिला उपाय असा, की ठरलेल्या तारखेला डॉक्टरांकडे आणि आहारतज्ज्ञांकडे जाणे. जाताना आठवडाभर जे जे तोंडात गेले, ते वेळेसह वहीत लिहून न्यावे. ही वही शिक्षेसाठी नसते. ती हिशेबाची वही असते. आणि ती उघडली, की पुष्कळदा एक गोष्ट दिसून येते. जेवणे लहानच राहिलेली असतात. वाढलेले असते ते जेवणांच्या मधले खाणे. लहान झालेल्या जठरात मटकीची उसळ, अंडे किंवा कोंबडीचा तुकडा नीट चावून खाल्ला, तर तो थांबतो आणि पोट भरल्याची जाणीव देतो. परंतु चहात बुडवलेली खारी, शिरा, खीर, आइस्क्रीम, सरबत हे पदार्थ त्या अरुंद नळीतून विनासायास घसरून जातात. पोट भरत नाही आणि उष्मांक मात्र जमा होतात. दिवसातून चार वेळा दुधा-साखरेचा चहा आणि प्रत्येक वेळी दोन खारी, यांची बेरीज सहज पाचशे उष्मांकांच्या पुढे जाते. बाईंच्या दीड हजारांतील हा तिसरा हिस्सा झाला. आणि तो ‘जेवण’ या सदरात कोठेच लिहिला जात नाही. शिक्षकांच्या खोलीतल्या चहाचा हिशेब कोण ठेवतो?

दुसरा मुद्दा प्रथिनांचा. या शस्त्रक्रियेनंतर दिवसाला किमान साठ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा सर्वमान्य सल्ला आहे. कित्येकांना त्याहून अधिक लागतात. आता मराठी ताटाकडे पाहा. वाटीभर वरणात सहा-सात ग्रॅम, एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम, पेलाभर दुधात आठ ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठरा ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. मासे आणि कोंबडी खाणाऱ्यांचे काम सोपे. शाकाहारी घरात मात्र साठ ग्रॅमची मजल जाणीवपूर्वक गाठावी लागते. यासाठी जेवणाचा क्रम बदलणे उपयोगी पडते. प्रथम उसळ, पनीर, अंडे किंवा घट्ट वरण, मग भाजी, आणि जागा उरलीच, तर भाकरीचा चतकोर. आपल्याकडे भात-पोळी हे जेवण आणि बाकीचे तोंडी लावणे असे मानतात. तो मान येथे उलटा करावा लागतो. एकादशी आणि संकष्टीच्या दिवशी तर विशेष जपावे लागते. साबुदाणा, बटाटा आणि वरई यांत पिष्ट पुष्कळ आणि प्रथिने थोडी. उपास मोडवत नसेल, तर त्या दिवशी दूध, दही, ताक आणि पनीर यांचा आधार घ्यावा. इंदूर-बडोद्यापासून हैदराबाद-बेळगावपर्यंत मराठी घरांची ताटे प्रांताप्रमाणे निराळी असली, तरी हा क्रम सगळीकडे पाळता येतो.

पाणी जेवणाबरोबर न पिता जेवणानंतर अर्ध्या तासाने प्यावे, असेही सांगितले जाते. कारण घोटाबरोबर अन्न लवकर पुढे सरकते आणि पुन्हा खावेसे वाटते. मद्याबाबत तर विशेष सावधगिरी हवी. बायपासनंतर ते रक्तात फार लवकर भिनते, त्यात उष्मांक भरपूर असतात आणि नवे व्यसन जडण्याचा धोका असतो.

तिसरा मुद्दा हालचालीचा. चालणे उत्तमच, आठवड्यातून किमान दीडशे मिनिटे झपझप चालावे, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सर्वसामान्य सल्ला येथेही लागू पडतो. परंतु केवळ चालण्याने स्नायू पुरेसे राखले जात नाहीत. त्यांना ओझ्याविरुद्ध काम करावे लागते. त्यासाठी व्यायामशाळाच हवी असे नाही. हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात लावून जोर काढणे, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे, रबरी पट्टा ताणणे, हे घरातल्या घरात होते. आठवड्यातून दोन-तीन दिवस असा व्यायाम आणि त्याच्या जोडीला पुरेशी प्रथिने, ही जोडगोळी स्नायूंचे रक्षण करते. व्यायाम सुरू केल्यावर काही आठवडे काटा मुळीच न हलणे अथवा किंचित वर जाणे हेही संभवते. तेव्हा पुन्हा फितीचे माप पाहावे. रात्रीच्या झोपेचाही येथे संबंध आहे. अपुऱ्या झोपेने भूक वाढते आणि गोडाकडे मन ओढ घेते.

एवढे करूनही वजन हटत नसेल, किंवा वाढू लागले असेल, तर डॉक्टर अधिक खोलात शिरतात. इन्शुलिन, मधुमेहावरील काही गोळ्या, स्टेरॉइड, मनोविकारांवरील काही औषधे ही वजन वाढवणारी आहेत. ती बदलता येतात का, हे ते पाहतात. मात्र रुग्णाने ती आपल्या मनाने कधीही थांबवू नयेत. अवटु ग्रंथीचे, म्हणजे थायरॉइडचे, काम मंदावले आहे का, याची तपासणी होते. क्वचित शस्त्रक्रियेच्या जागीच बदल झालेला असतो : जठराची नळी अथवा पिशवी ताणून मोठी होते, किंवा बायपासमध्ये वेगळे केलेले जठर आणि पिशवी यांच्यात नवी वाट पडते. दुर्बीण किंवा क्ष-किरण तपासणीत हे कळते. अलीकडे तृप्तीच्या संप्रेरकाची नक्कल करणारी औषधेही या कामी येऊ लागली आहेत. शस्त्रक्रियेनंतर ज्यांचे वजन अपेक्षेइतके उतरले नाही, अशा सत्तर रुग्णांवर इंग्लंडमध्ये झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत लिराग्लुटाइड हे औषध चोवीस आठवडे देण्यात आले. ते घेणाऱ्यांचे वजन सरासरी सुमारे नऊ टक्क्यांनी उतरले. नुसते नावाचे औषध घेणाऱ्यांचे अर्ध्या टक्क्याच्या आसपास. दुसरी शस्त्रक्रिया हा शेवटचा मार्ग. तीत पहिलीपेक्षा धोका अधिक असतो. म्हणून आधीचे सर्व मार्ग चोखाळल्यावर आणि कारण नक्की झाल्यावरच तिचा विचार करतात.

काही गोष्टी निक्षून टाळाव्यात. पोट ‘पुन्हा आकसावे’ म्हणून आठवडाभर पुन्हा द्रव आहारावर राहण्याचा सल्ला ऐकीव गप्पांतून मिळतो. त्याने पोट आकसत नाही, स्नायू मात्र झिजतात. जाहिरातीतील चूर्णे आणि काढे टाळावेत. गोळ्यांचा कंटाळा आला म्हणून जीवनसत्त्वे सोडून देणे हे तर सर्वांत घातक. ब-१२ जीवनसत्त्व, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांची उणीव वर्षानुवर्षे हळूहळू साचत जाते; ती भरून काढण्याची औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात आणि रक्ताची तपासणीही नियमाने करावी लागते. सतत उलट्या होत असतील, हातापायांना मुंग्या येत असतील, चालताना तोल जात असेल, शौच काळे होत असेल किंवा पोटात असह्य कळ येत असेल, तर वजनाचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. उलट्यांमुळे ब-१ जीवनसत्त्व संपले, तर मज्जासंस्थेला कायमची इजा होऊ शकते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. बाईंचे पठार हे अपयश मानावे का? स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे उत्तर येथे मोलाचे आहे. त्यात शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे दोन हजार आणि न झालेल्या सुमारे दोन हजार लठ्ठ माणसांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला गेला. शस्त्रक्रिया झालेल्यांचे वजन दोन वर्षांनी सरासरी २३ टक्क्यांनी घटलेले होते, दहा वर्षांनी १७ टक्क्यांनी आणि वीस वर्षांनी १८ टक्क्यांनी. म्हणजे थांबणे आणि पुढे थोडे परत येणे, हा या शस्त्रक्रियेचा नेहमीचा क्रम आहे. आणि तरीही शस्त्रक्रिया झालेल्या गटातील मृत्यूंचे प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा सुमारे एक-चतुर्थांशाने कमी आढळले. आयुष्य वाढण्यासाठी वजन सडपातळ माणसाइतके व्हावे लागले नाही. २८ किलो उतरलेल्या बाईंचे पंचवीस टक्के वजन घटलेले आहे. त्यांची तुलना स्वप्नातल्या आकड्याशी केली, तर त्या हरल्या. या हजारो माणसांशी केली, तर त्या सरासरीच्या पुढे आहेत.

शिवाय काटा सांगतो ते सारे सत्य नसते, याचे एक नामांकित उदाहरण पुण्यातले आहे. तेथील के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील जॉन युडकिन या दोन संशोधकांनी २००४ साली आपली दोघांची छायाचित्रे आणि मापे एका वैद्यकीय नियतकालिकात शेजारी शेजारी छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते. दोघांचाही निर्देशांक २२.३. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. भारतीय देहात त्याच वजनामागे चरबी अधिक, विशेषतः पोटाभोवती, आणि स्नायू कमी असण्याची प्रवृत्ती आहे. म्हणूनच भारतीयांसाठी लठ्ठपणाच्या मर्यादा खाली आणल्या गेल्या. आणि म्हणूनच भारतीय रुग्णाने स्नायू राखून, कंबर घटवून मिळवलेली स्थिरता ही काट्यावर न दिसणारी, परंतु खरी कमाई असते.

तेव्हा बाईंनी तपासणीला जावे. तेथे त्यांना कदाचित चहाच्या साखरेचा हिशेब मिळेल, कदाचित थायरॉइडची गोळी मिळेल. कदाचित असेही कळेल, की बदलण्याजोगे फारसे काही नाही आणि ८४ किलो हे त्यांच्या नव्या देहाचे बिऱ्हाड आहे. तिन्ही गोष्टी घरी बसून उपास करण्यापेक्षा बऱ्या. घरच्यांनीही ‘किती उतरले?’ हा प्रश्न थोडे दिवस बाजूला ठेवावा आणि गुडघे कसे आहेत, रक्तातली साखर कशी आहे, शाळेचा जिना न थांबता चढता येतो का, असे विचारावे. वजनकाटा आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी वापरावा. उरलेले सहा दिवस तो पलंगाखाली सरकवून ठेवायला हरकत नाही.